आजीची सुई आणि वालाचे बिरडे



मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही "तुमचे प्रश्न पाठवा" अशी चौकट छापली होती. छापली म्हणजे झेरॉक्सवर जेवढी उमटली तेवढी. दोनच प्रश्न आले. पहिला एका बाबांचा होता : मेमोरियल डेच्या शनिवार-रविवारी वर्ग आहे का? (नाही.) दुसरा प्रश्न तिसरीतल्या एका मुलीने वहीचे पान फाडून, पेन्सिलीने लिहून दिला होता. शुद्धलेखन आम्ही थोडे सुधारले आहे :

"माझी आजी साताऱ्याहून आली आहे. ती रोज पोटाला इंजेक्शन घेते. बाकी सगळी औषधे ती गोळ्या घेते. मग याची गोळी का नाही?"

आम्ही तिच्या आईशी बोललो, तेव्हा कळले की प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. महिन्यापूर्वी ही मंडळी एका बारशाला गेली होती. परक्या घरी सुई कुठे घ्यायची म्हणून आजींनी संकोचाने इन्सुलिन घेतलेच नाही. "घरी गेल्यावर घेईन," म्हणाल्या. घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले आणि साखर खूप वाढली. त्याच बारशात कोणीतरी त्यांना सांगितले होते, "कशाला टोचून घेता? एक पूड मिळते, ती पाण्यातून घ्या आणि सुई सोडून द्या." नातीने ते ऐकले होते. घरी आल्यावर आजीला बरे वाटेना, तेही तिने पाहिले होते. तेव्हापासून हा प्रश्न तिच्या डोक्यात होता.

म्हणून या वेळी गोष्टीचे पान बाजूला ठेवून आम्ही हेच लिहायचे ठरवले. आमच्या छोट्या संपादक मंडळात दोघे जण प्रयोगशाळेत काम करतात, एक जण हिशेब बघतो आणि एक जण फक्त चहा करतो. चहावाल्याला समजले तरच वाक्य ठेवायचे, असा आमचा नियम होता.

आधी एक मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. या माळेत वीस प्रकारचे मणी वापरता येतात. रसायनशास्त्रात या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. वीस म्हणजे फारच थोडे वाटतात ना? पण मराठीची मुळाक्षरे तरी किती आहेत? पन्नासच्या आसपास. तेवढ्यातूनच ज्ञानेश्वरी होते आणि तुमची गृहपाठाची वहीही होते. मणी कोणत्या क्रमाने ओवले यावर सगळे अवलंबून असते. माळ लांबलचक असली आणि स्वतःभोवती गुंडाळून तिला ठरावीक आकार आला, की तिला प्रथिन म्हणतात. माळ आखूड असली तर पेप्टाइड. किती मण्यांपर्यंत पेप्टाइड आणि कुठून पुढे प्रथिन, याची काटेकोर रेघ नाही. साधारण पन्नास मण्यांच्या आसपास ती धरतात. आजींचे इन्सुलिन त्या रेघेवरच उभे आहे. त्यात ५१ मणी असतात, २१ मण्यांची एक माळ आणि ३० मण्यांची दुसरी, आणि त्या दोन्ही गंधकाच्या गाठींनी एकमेकींना बांधलेल्या असतात.

आता कात्री. शरीरात अशा माळा कापणारी प्रथिने असतात. मराठी शास्त्रपुस्तकांत एन्झाइमला "विकर" असा शब्द आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या आई-बाबांना तो आठवेल. ("विकार" वेगळा, बरं का!) सगळीच विकरे कापाकापी करत नाहीत, काही जोडतात, काही बदलतात. पण आज आपल्याला कापणारीच हवी आहेत. कोणी विचारेल, दुधात विरजण घालतो तसेच का हे? नाही. विरजणात जिवंत जिवाणू असतात. विकर हा जिवंत प्राणी नाही, ती एक वस्तू आहे, आणि गंमत म्हणजे तीही त्याच वीस मण्यांची बनलेली असते. हजारो माळा कापून झाल्या तरी कात्री संपत नाही. आणि ती वाटेल तिथे कापत नाही. ट्रिप्सिन नावाचे विकर घ्या. ते वीसपैकी फक्त दोन मण्यांनंतर कापते, लायसीन आणि आर्जिनीन. बाकीच्या मण्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

आपल्या घरच्या कात्रीचा प्रताप आम्ही गेल्या पाडव्याला पाहिला आहे. आमच्यातल्या एकीने वर्गासाठी अननसाचे श्रीखंड केले होते. डबाबंद अननस कशाला, म्हणून चांगला ताजा अननस आणला, बारीक चिरून चक्क्यात मिसळला आणि श्रीखंड रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी ते पातळ झाले होते आणि चव कडू! आम्ही आधी दह्याला दोष दिला, मग साखरेला. दोघेही निर्दोष होते. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाची विकरे असतात. त्यांनी रात्रभर बसून चक्क्यातल्या प्रथिनांचे तुकडे केले, आणि प्रथिनांचे काही तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, जिभेला कडू लागतात. डब्यातला अननस तापवलेला असतो. उष्णतेने कात्रीचा आकार बिघडतो आणि ती कापेनाशी होते. तेव्हा श्रीखंडात एकतर डब्यातला अननस घाला, नाहीतर ताजा अननस साखरेत शिजवून घ्या. कोणाकोणाला जास्त अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यातही या विकरांचा हात असतो.

आता आजींची गोळी. समजा इन्सुलिन गोळीत भरून गिळले. पोटात आम्ल आहे आणि पेप्सिन नावाची कात्री आहे. तिथून पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन आणि त्याची भावंडे वाट बघत बसलेली असतात. त्यांचे रोजचे कामच हे : तुम्ही खाल्लेल्या वरणातल्या, दुधातल्या, अंड्यातल्या माळा तोडायच्या आणि मणी सुटे करायचे. शरीराला वरणातली माळ नको असते, मणी हवे असतात; मग त्यातून ते स्वतःच्या माळा ओवते. इन्सुलिन हे औषध आहे, महाग आहे, फ्रिजमध्ये जपून ठेवले होते, हे त्या कात्र्यांना काय ठाऊक? त्या त्याला वरणाचीच वागणूक देतात. इन्सुलिनमध्ये ट्रिप्सिन दोन ठिकाणी कापू शकते, दोन्ही जागा तीस मण्यांच्या माळेत आहेत, २२ व्या मण्यानंतर आणि २९ व्या मण्यानंतर. राहिलेले काम बाकीच्या कात्र्या करतात. आणि चुकून एखादी माळ अखंड वाचली, तरी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरायला ती फार मोठी पडते. सुई ही सगळी वाट टाळून औषध कातडीखाली ठेवते. तिथून ते सावकाश रक्तात जाते.

बाकीच्या गोळ्यांचे कसे जमते? आजींची रक्तदाबाची गोळी माळेची नसते. ते रेणू लहान आणि वेगळ्या बांधणीचे असतात, ट्रिप्सिनला त्यात कापण्यासारखे काही सापडत नाही.

या कात्रीने इन्सुलिनच्या शोधातच मोठा घोळ घातला होता. इन्सुलिन आणि ट्रिप्सिन दोन्ही एकाच घरात तयार होतात, स्वादुपिंडात. म्हणजे विणणारा आणि कापणारा शेजारी शेजारी. एरवी भांडण होत नाही, कारण ट्रिप्सिन स्वादुपिंडात असताना म्यानात असते, आतड्यात पोचल्यावर म्यान निघते. पण जनावराचे स्वादुपिंड काढून वाटले, की सगळे एकत्र मिसळते आणि पाचकरस इन्सुलिनचा फडशा पाडतो, असे त्या वेळच्या कित्येकांना वाटत होते. फ्रेडरिक बँटिंग या कॅनडातल्या तरुण शल्यविशारदाला कल्पना सुचली की स्वादुपिंडाची नळी बांधून टाकावी. म्हणजे पाचकरस करणारा भाग काही आठवड्यांत सुकून जाईल आणि इन्सुलिन करणारा भाग शिल्लक राहील. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोला, जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याने कुत्र्यांवर हे प्रयोग केले. पुढे लक्षात आले की एवढी उस्तवार नको, अल्कोहोल नीट वापरले तर साध्या गुरांच्या स्वादुपिंडातूनही इन्सुलिन मिळते. ते शुद्ध करण्याचे काम जेम्स कॉलिप यांनी केले. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला पहिले इंजेक्शन दिले. ते अशुद्ध होते, फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेले औषध दिले आणि त्याची साखर उतरली. मुलांनो, त्याआधी या वयाच्या मुलांना असा मधुमेह झाला तर ती वर्ष-दोन वर्षांत जात असत. आजींचा मधुमेह वेगळ्या प्रकारचा आहे, पण औषध तेच.

नंतर त्याच कात्रीने मदतही केली. इन्सुलिनमध्ये कोणता मणी कुठे आहे, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत शोधून काढले. त्यासाठी त्यांनी आम्ल वापरले आणि ट्रिप्सिनसारखी विकरेही. तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा, आणि कोणता तुकडा कोणावर बसतो ते पाहून पूर्ण ओळ जुळवायची. १९५८ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले. आपण फाटलेले पत्र जुळवतो, तसेच.

ट्रिप्सिन आपल्या शेजारचे आहे, हे मात्र आम्हालाही हा लेख लिहिताना नव्याने जाणवले. विकरे प्रथिनांचीच असतात का, यावर शंभर वर्षांपूर्वी कडाक्याचा वाद होता. १९२६ मध्ये कॉर्नेलला जेम्स समनर यांनी जॅक बीन नावाच्या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक केले, आणि पुढच्या दोनेक वर्षांत मोझेस कुनित्झ यांच्या बरोबर ट्रिप्सिनचे. कुठे? प्रिन्स्टनला, रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या तेव्हाच्या शाखेत. पिस्कॅटवेपासून वीस मैलांच्या आत! आपण दर वर्षी पाहुण्यांना प्रिन्स्टन दाखवायला नेतो, आइन्स्टाइनचे घर बाहेरून दाखवतो, आइस्क्रीम खातो आणि परत येतो. पुढच्या वेळी ट्रिप्सिनचेही नाव घ्या. समनर आणि नॉर्थ्रॉप यांना १९४६ मध्ये नोबेल मिळाले. कुनित्झ यांनी १९४५ मध्ये तिथेच आणखी एक काम केले. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारे एक प्रथिन असते, त्याचे स्फटिक त्यांनी मिळवले. म्हणजे कात्रीच्या दोन पात्यांत अडकवायची पाचरच.

आणि इथे गोष्ट आपल्या घरी येते.

कमला सोहोनी हे नाव किती पालकांना माहीत आहे? आम्ही वर्गाबाहेर उभ्या असलेल्या नऊ जणांना विचारले, दोघांना माहीत होते. "दुर्गाबाई भागवतांची बहीण" म्हटल्यावर आणखी चौघांनी मान हलवली. कमलाबाईंचा जन्म १९११ चा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबईत बी.एस्सी.ला पहिल्या आल्यावर त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. नोबेल मिळालेले सी. व्ही. रामन तिथले संचालक होते. त्यांनी नकार दिला, कारण एकच : अर्जदार मुलगी होती. कमलाबाई घरी बसल्या नाहीत. बंगलोरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारले. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, काम पसंत पडले तरच पुढचे बघू. त्या अटी त्यांनी मान्य केल्या आणि त्यातला अपमान आयुष्यभर विसरल्या नाहीत. त्यांचे काम पाहून रामन यांनी मुलींना प्रवेश देणे सुरू केले, हेही सांगितले पाहिजे. पण आम्हाला राहून राहून वाटते, ज्या मुली त्यांच्याआधी नकार घेऊन परत गेल्या असतील त्यांचे काय?

पुढे त्या केंब्रिजला, फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना दिसले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते. पेशी श्वसन करताना ज्या साखळीतून ऊर्जा मिळवतात, त्या साखळीतले हे एक प्रथिन. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. प्रबंध किती पानांचा होता? फक्त चाळीस. (निबंधाला "अजून किती ओळी लिहू?" असे विचारणाऱ्यांनी याचा भलता अर्थ काढू नये.) हा तोच विभाग, जिथे लगेच पुढच्या वर्षी सँगर यांनी संशोधन सुरू केले. थोडक्यात चुकामूक झाली.

भारतात परतल्यावर त्या दिल्लीला आणि कुन्नूरला होत्या, आणि लग्नानंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. तिथे त्यांनी गरिबांच्या ताटातले पदार्थ प्रयोगशाळेत आणले : नीरा, कडधान्ये, भाताचे पीठ. सोयाबीनची पाचर कुनित्झ यांनी दाखवली होती. आपल्या कडधान्यांत काय आहे? १९५५ मध्ये "नेचर" या नियतकालिकात कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्याचे टिपण आले. ट्रिप्सिनला अडवणाऱ्या प्रथिनांचे स्फटिक त्यांनी मिळवले होते, डबल बीमधून आणि वालामधून.

होय, वाल! ज्याचे आपण बिरडे करतो, पुण्याकडे डाळिंब्यांची उसळ म्हणतात, तोच वाल. दाण्याने आपल्या बचावासाठी ही पाचर ठेवलेली असते. कीड किंवा जनावर कच्चा दाणा खाते, त्याच्या पोटातली कात्री अडकते, खाल्लेले अंगी लागत नाही. अमेरिकेत ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवले होते की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. पाचर प्रथिनाची असल्याने शिजवल्यावर तिचा आकार बिघडतो आणि ती बऱ्याच अंशी निकामी होते. अननसाच्या कात्रीचे जे झाले तेच. आता आजी वाल रात्री भिजत घालते, पंचात बांधून मोड आणते, कोमट पाण्यात घालून एकेक सोलते, मग मंद आचेवर शिजवते. यातले किती चवीसाठी, किती पचनासाठी, हे तिने कधी वेगळे काढले नाही. भिजवण्याने आणि मोडांनी थोडा फरक पडतो, खरे काम विस्तवाचे. म्हणून कच्चे वाल तोंडात टाकू नका.

आता पिस्कॅटवेत परत येऊ. बुश कॅम्पसवरून आपण किती वेळा जातो! तिथल्या एका इमारतीत जगातल्या प्रथिनांची वही ठेवलेली आहे. वही म्हणजे संगणकातली. तिचे नाव प्रोटीन डेटा बँक. १९७१ मध्ये लाँग आयलंडच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ती सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त ७ प्रथिनांचे आकार होते. १९९८-९९ मध्ये तिचे काम रटगर्सच्या हेलन बर्मन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाकडे आले. २०२३ मध्ये नोंदींचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. प्रत्येक अणू कुठे आहे याची नोंद त्यात असते, आणि कोणीही, अगदी तिसरीतल्या मुलीनेही, फुकट उघडून पाहावी अशी सोय आहे. दर महिन्याला एका रेणूची चित्रांसह ओळख करून देतात, ती मोठ्यांनीही वाचण्यासारखी असते. इन्सुलिनचा आकार डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये शोधला होता. या वहीत इन्सुलिन बघायचे असेल तर "४ आय एन एस" हा क्रमांक घाला. ट्रिप्सिन तर पाचरीसकट बघायला मिळते. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले, त्यातल्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा संगणक मण्यांच्या क्रमावरून आकाराचा अंदाज बांधतो. तो संगणक शिकला कशावरून? याच वहीतल्या आकारांवरून.

हे सगळे फक्त बघण्यासाठी नाही. कात्री कशी कापते ते दिसले, की तिला फसवता येते. आपल्या आतड्यात जेवल्यावर जीएलपी-१ नावाचे तीस मण्यांचे एक पेप्टाइड तयार होते. ते स्वादुपिंडाला सांगते, "साखर येते आहे, इन्सुलिन सोड." पण डीपीपी-४ नावाची कात्री त्याचे पहिले दोन मणी कापते आणि दोनेक मिनिटांत निम्मे पेप्टाइड निकामी होते. यावर शास्त्रज्ञांनी दोन उपाय काढले. एक, कात्रीलाच पाचर मारायची. पिस्कॅटवेहून जवळच असलेल्या राहवेच्या मर्कच्या प्रयोगशाळेत सिटाग्लिप्टिन तयार झाले आणि २००६ मध्ये ते वापरात आले. ते माळेचे नाही, लहान रेणू आहे, म्हणून त्याची गोळी होते. दुसरा उपाय माळ बदलण्याचा. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत जॉन एंग यांना १९९२ च्या सुमारास जीएलपी-१ सारखेच एक पेप्टाइड सापडले. त्यात दुसरा मणी वेगळा आहे, तिथे कात्री बसत नाही. त्यावरून केलेले औषध २००५ मध्ये आले. सरड्याच्या लाळेचे औषध म्हटल्यावर चहावाले बाबा दोन मिनिटे गप्प बसले होते.

सध्या ज्याचे नाव प्रत्येक पार्टीत ऐकू येते ते सेमाग्लुटाइड याच घराण्यातले. त्यातही दुसरा मणी बदललेला आहे. आठवड्याला एकदा घ्यायची सुई २०१७ मध्ये आली आणि २०१९ मध्ये गोळी आली. हो, पेप्टाइडची गोळी! मग आमचे इतके पान वाया गेले का? नाही, कारण ती गोळी कशी घ्यावी लागते ते बघा. सकाळी उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. गोळीत एक साहाय्यक रसायन असते, ते पोटात गोळीच्या आसपासचे आम्ल थोडा वेळ कमी करते, त्यामुळे पेप्सिनची धार बोथट होते, आणि पोटाच्या अस्तरातून जायला मदत होते. एवढे करून शंभरातला जेमतेम एक भाग रक्तात पोचतो. मुलांनो, हिशेब करा : सुईत आठवड्याला १ मिलिग्रॅम, तर गोळ्यांची सुरुवातीला ठरलेली मोठी मात्रा दिवसाला १४. आठवड्याचे झाले ९८! बाकीचे कात्र्यांच्या वाट्याला. सेमाग्लुटाइडमध्ये हा उधळेपणा चालतो, कारण थोडे कमीजास्त झाले तरी निभावते. इन्सुलिनमध्ये तसे चालत नाही. ते थोडे जास्त पोचले तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि कमी पोचले तर बारशाच्या रात्रीसारखे होते. अमेरिकेत फुप्फुसात ओढून घ्यायच्या इन्सुलिनला २०१४ मध्ये मान्यता मिळाली, तो पोट टाळण्याचाच आणखी एक मार्ग. गिळायची इन्सुलिनची गोळी मात्र अजून औषधाच्या दुकानात नाही. संशोधन पुष्कळ चालू आहे.

बारशातल्या त्या पुडीबद्दल एवढेच म्हणतो, इन्सुलिन कोणाच्या सांगण्यावरून बंद करायचे नसते, ते डॉक्टरांशी बोलूनच. आणि जे पालक आई-वडिलांना इथे आणतात त्यांच्यासाठी आणखी एक : विमानात इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा, सामानात देऊ नका. गोठले की ते बिघडते, उन्हात तापलेल्या गाडीत राहिले तरी बिघडते.

हा लेख आम्ही त्या मुलीला आधी वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे आजी सुई घेते कारण तिचे पोट चांगले काम करते?" आमच्यातल्या प्रयोगशाळेतल्या दोघांना एवढे सोपे वाक्य सुचले नव्हते. पुढच्या समारंभात आजींसाठी एक खोली आधीच सांगून ठेवायची, हे काम तिने स्वतःकडे घेतले आहे. आजी म्हणाल्या, "आता माझी सुटका नाही."

ज्यांना हे स्वतः करून बघायचे आहे त्यांनी दोन वाट्यांत चक्का घ्यावा. एकीत ताजा अननस घालावा, दुसरीत शिजवून गार केलेला. लगेच चव घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यावी. जिलेटिन चालत असेल तर जेलोतही ताजा आणि डब्यातला अननस घालून बघा. शाकाहारी घरांत चायना ग्रास घेऊन करा, आणि ते ताजा अननस घालूनही का घट्ट होते ते ओळखा. (सूचना : त्यातली माळ साखरेची आहे.) उत्तरे पुढच्या रविवारी आमच्याकडे द्या, आईने लिहिलेली नकोत. आणि कोणाकडे वाल सोलायला हात कमी पडत असतील तर सांगा. साताऱ्याच्या आजी येत्या शनिवारी वर्गाच्या वेळी बिरडे कसे करायचे ते दाखवणार आहेत. भिजवलेले, मोड आलेले वाल आणि एक वाडगा घेऊन या.